नागपूरचा समुद्रकिनारा

नागपूरला चौपाटी आहे. समुद्र तेवढा नाही. बाकी चौपाटीला जे जे लागतं ते सगळं आहे. भेळ आहे, भाजलेलं कणीस आहे, फुगेवाला आहे, नवं लग्न झालेली जोडपी आहेत आणि त्यांच्याकडे बघत बसलेली जुनं लग्न झालेली जोडपीही आहेत. फुटाळा तलावाच्या काठाला आम्ही नागपूरकर बिनदिक्कत चौपाटी म्हणतो आणि म्हणताना आमच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. भोसल्यांच्या काळात बांधलेला, साठेक एकरांचा हा तलाव. तीन बाजूंना झाडी आणि चौथ्या बाजूला आम्ही. एवढ्या भांडवलावर मुंबईची बरोबरी करायची म्हणजे छाती लागते, आणि ती नागपूरकराला परमेश्वरानं समुद्राच्या बदल्यात दिलेली आहे.

समुद्र हा खरं म्हणजे श्रीमंत नातेवाइकासारखा. जवळ असला की उन्हाळा सौम्य, हिवाळा सौम्य, सगळं कसं सांभाळून घेतो. पाणी हळूहळू तापतं आणि हळूहळू निवतं, त्यामुळे शेजारच्या जमिनीचंही डोकं ताळ्यावर राहतं. आमच्या आसपास शेकडो किलोमीटर असं सांभाळून घेणारं कुणी नाही. परिणाम काय, तर २३ मे २०१३ रोजी आमच्याकडे पारा ४७.९ अंशांवर गेला. मे महिन्यात नागपुरात फिरायला निघालेला माणूस हा एक तर नवा पोस्टमन असतो, नाही तर वधूपिता.

हे सगळं आठवायचं कारण आमचे साडूभाऊ. साडूभाऊ रत्नागिरीचे. अरबी समुद्र ही आपली वडिलोपार्जित इस्टेट आहे आणि सरकारनं ती कूळकायद्यात अजून काढून घेतली नाही एवढंच, अशा थाटात ते बोलतात. आम्ही रत्नागिरीला गेलो की मांडवी, भाट्ये, मग थिबा पॅलेस, असा त्यांचा ठरलेला कार्यक्रम असतो. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी पदच्युत करून रत्नागिरीला आणून ठेवलं आणि तो १९१६ मध्ये तिथंच वारला, ही गोष्ट ते अशी सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, राजा समुद्राच्या हवेसाठी आपण होऊन आला होता. तर हे साडूभाऊ एका हिवाळ्यात सहकुटुंब नागपूरला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कानटोपी, मफलर, कॅनव्हासचे बूट अशा जय्यत तयारीनं ओसरीत उभे.

"रावसाहेब, चला पाय मोकळे करून येऊ. पण तुमच्याकडे जायचं कुठे? किनारा तर नाही."

"चला," मी म्हणालो, "किनाराच दाखवतो."

सौभाग्यवतीनं आतून माझ्याकडे जे पाहिलं त्याचं वर्णन इथं करत नाही.

पहिला मुक्काम झीरो माइल. विधानभवनाजवळ चार घोडे आणि एक वालुकाश्माचा खांब आहे. हा १९०७ चा, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या साहेबांनी उभा केलेला. इथून हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७०, शिवनी ७९, छिंदवाडा ८३, असे आकडे त्यावर कोरलेले आहेत. हा हिंदुस्थानचा मध्यबिंदू, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. पाहुणे फोटो काढतात आणि रस्त्यापलीकडे पोहे खायला जातात. साडूभाऊंना मात्र मी तिथला वेगळाच आकडा दाखवला. समुद्रसपाटीपासून उंची : १०२०.१७१ फूट.

आता मी कॉमर्सचा पदवीधर आणि पोटासाठी बँकेत कारकून. मला विज्ञानातलं फारसं कळत नाही, पण दशांशचिन्हापुढे तीन घरं म्हणजे काय हे कळतं. फुटाचा हजारावा भाग! म्हणजे काडेपेटीतल्या काडीच्या जाडीपेक्षाही बारीक हिशेब. आणि समुद्रसपाटी म्हणजे तरी कुठला समुद्र? तर त्या काळी हिंदुस्थानातल्या उंचीच्या मोजणीसाठी कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओरिसातलं फॉल्स पॉइंट अशा नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदी धरत. वर्षानुवर्षं तिथं पाणी चढताना-उतरताना मोजलं, त्याची सरासरी काढली आणि तिला म्हटलं शून्य. मग दर पावलाला दुर्बीण लावत, पट्ट्या रोवत ते शून्य डोंगर-दऱ्यांतून देशभर फिरवलं.

"म्हणजे बघा," मी साडूभाऊंना म्हणालो, "तुमच्याकडे एकच समुद्र. आमच्या मोजणीत नऊ ठिकाणचा जमा आहे."

साडूभाऊंनी खांबाला हात लावून पाहिला. ओला नव्हता.

झीरो माइलहून मान वळवली की विधानभवन दिसतं. तिथंच नागपूरचा आणि समुद्राचा दुसरा व्यवहार झालेला आहे. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होतं, पुढे जुन्या मध्य प्रदेशाचीही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरची राजधानी गेली. पुढं १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे राजधानी दिली आणि बदल्यात सातशेवीस किलोमीटरचा समुद्रकिनारा आमच्याही नावावर चढला. सौदा कसा झाला, यावर नागपुरातल्या कुठल्याही पानठेल्यावर आजही तासभर ऐकायला मिळतं आणि तिथं ऐकून घेण्याचंच धोरण बरं. १९५३ च्या नागपूर कराराची आठवण म्हणून विधिमंडळाचं एक अधिवेशन हिवाळ्यात इथं भरतं. राजधानी आमच्याकडे साडूभाऊंसारखी येते : थंडीत, थोडे दिवस, आणि भरपूर सामान घेऊन.

पण मला साडूभाऊंना दाखवायचा होता तो किनारा याहून बराच जुना. त्यासाठी सीताबर्डीची टेकडी लागते आणि एक स्कॉटिश पाद्री लागतो.

टेकडी सगळ्यांना माहीत आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई इथंच झाली. आपण हरलो. अप्पासाहेब पुढं इंग्रजांच्या हातून निसटले आणि भटकत भटकत १८४० मध्ये जोधपूरला वारले. समुद्र तिथंही नाही. आता टेकडीवर लष्कर असतं आणि किल्ला सामान्य माणसाला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट एवढ्याच दिवशी उघडा. बाकी वर्षभर आम्ही त्याच्या पायथ्याशी स्वस्तात पायजमे घेतो.

त्याच १८१७ मध्ये, लढाईच्या अडीच महिने आधी, स्कॉटलंडमध्ये एक मूल जन्मलं. नाव स्टीफन हिस्लॉप. (त्याच वर्षी महिदपूरला होळकरांशी लढलेला इंग्रज सेनापतीही हिस्लॉपच, सर टॉमस. हा तो नव्हे.) स्टीफन हिस्लॉप मिशनरी म्हणून १८४५ मध्ये नागपूरला आला. शाळा काढली, मराठी शिकला, गोंडांच्या चालीरीती टिपून ठेवल्या. धर्मांतराच्या खात्यावर काय जमा झालं ते मला ठाऊक नाही. पण या माणसाला एक चांगलं व्यसन होतं, ते म्हणजे खाली बघून चालण्याचं. आपण चालतो तेव्हा समोर बघतो, ओळखीचा माणूस दिसला तर बाजूला बघतो, उधार घेतलेला माणूस दिसला तर आकाशाकडे बघतो. हिस्लॉप दगडांकडे बघायचा. त्याच्या जोडीला रॉबर्ट हंटर हा दुसरा पाद्री. या दोघांना नागपूरच्या वायव्येला, टाकळीच्या आसपास, दगडात शिंपले सापडले.

समुद्रापासून शेकडो कोस दूर शिंपले! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलो होतो. साडूभाऊही जागीच थबकले.

"शिंपले? म्हणजे समुद्र होता की काय इथे?"

इथं जरा थांबून दगडांचा हिशेब सांगायला हवा. आपला दख्खनचा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून वर आलेला तप्त रस. तो एकदम आला नाही. एक थर आला, पसरला, निवला. मग काही हजार वर्षं गप्प. मग दुसरा थर. या थरांच्या डोंगराला पायऱ्या पडतात, म्हणून त्याला ट्रॅप म्हणतात. हा स्वीडनकडचा शब्द आणि त्याचा अर्थ जिना. दोन थरांच्या मध्ये जी शांतता असे ती म्हणजे ज्वालामुखीची मधली सुट्टी. आणि मधल्या सुट्टीत जे होतं तेच झालं. खड्ड्याखड्ड्यांतून पाणी साठलं, तळी झाली, काठाला झाडं आली, पाण्यात मासे आले, बेडूक आले, गोगलगाई आल्या, वरून किडे उडायला लागले. असं सगळं रंगात आलं असताना घंटा झाली आणि लाव्हारसाचा पुढचा थर वरून आला. तळ्याचा गाळ मध्ये चेपला गेला, त्यात गारगोटीचं द्रव्य मुरलं आणि गाळाचा टणक दगड झाला. गोगलगाई आहेत तिथंच राहिल्या. भूगर्भवाले याला इंटरट्रॅपियन थर म्हणतात. मधल्या सुट्टीचा थर म्हटलं तर आपल्याला लवकर कळेल.

हिस्लॉप-हंटर जोडीनं सीताबर्डीच्या टेकडीतही हाच हिशेब वाचला. खाली एक थर, वर एक थर, मध्ये गोड्या पाण्याचा गाळ. १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्यांचा नागपूरच्या दगडांवरचा मोठा लेख आला. टाकळीच्या एका हिरवट खनिजाला १८५९ मध्ये 'हिस्लोपाइट' असं नावही मिळालं. पुढच्या वर्षी हिस्लॉपनं शिंपल्यांचं सविस्तर वर्णन छापलं आणि इथल्या दगडातल्या किड्यांवर तिकडच्या एका विद्वानानं वेगळा लेख लिहिला. विचार करा, ज्या किड्याला जिवंतपणी नागपूरच्या बेडकानंही भाव दिला नसेल, त्याची लंडनला नोंद झाली.

यातली मानाची गोगलगाय म्हणजे फायसा प्रिन्सेपी. ही डावरी आहे. बहुतेक शंख-गोगलगाईंचा पीळ उजवा असतो आणि तोंड उजवीकडे उघडतं. हिचं डावीकडे. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीसुद्धा नागपूरकर चारचौघांसारखे वागत नव्हते, याला दगडी पुरावा आहे. पण हिची जातकुळी गोड्या पाण्यातली. तेव्हा साडूभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर : नाही. तेव्हाही इथं समुद्र नव्हता. तेव्हाही तळंच होतं. फुटाळाच म्हणा ना.

साडूभाऊंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग मी त्यांना झिलमिलीची गोष्ट सांगितली.

छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली म्हणून गाव आहे. तिथंही असाच मधल्या सुट्टीचा थर आहे. त्यातून समुद्रातच जगणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव सापडले आणि २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी ते छापून मांडलं, की त्या काळी समुद्राचा एक फाटा मध्य हिंदुस्थानात पार तिथवर आत आला होता. त्याच जिल्ह्यातल्या मोहगाव कलानला तर निपा जातीच्या ताडाची फळं दगड होऊन पडलेली मिळाली आहेत. हा ताड आज खाडीच्या चिखलात वाढतो. म्हणजे समुद्र आला होता, पण छिंदवाड्यापर्यंत. झीरो माइलच्या खांबावरच्या हिशेबानं ८३ मैल अलीकडेच थांबला. आणि त्यातही दैवाची करणी पाहा. छिंदवाडा १९५६ पर्यंत आमच्याच प्रांतात होता, फेरमांडणीत तो पलीकडे राहिला. राजधानी गेली ती गेली, घरचा समुद्रसुद्धा मध्य प्रदेशाकडेच राहिला.

"म्हणजे तुम्हाला साडेसहा कोटी वर्षं उशीर झाला," साडूभाऊ म्हणाले.

"तुम्ही जेमतेम ८३ मैलांनी हुकवलात, असं म्हणा," मी म्हणालो.

इतकं बोलणं होईपर्यंत आम्ही ऑटोनं गिट्टीखदानला पोहोचलो होतो. इथून पुढं पायी. काटोल रस्ता सोडून सेमिनरी हिल्सची झाडी चढायची आणि पलीकडे फुटाळ्यावर उतरायचं. चढ असा, की धाप लागली तरी ती बोलण्यामुळं लागली असं सांगता येतं. या टेकडीला नाव मिळालं ते ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून. साग आहे, पळस आहे, बाभळी आहेत. कुठंतरी तांबट पक्षी तांब्याचं भांडं ठोकत बसलेला असतो. गंमत म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मोठं कार्यालय याच टेकडीवर आहे. दगड खाली आणि दगडांच्या फायली वर.

गिट्टीखदान या नावातच सगळं आलं. गिट्टी म्हणजे खडी. इथला काळा दगड फोडायचा आणि रस्त्याला, घरांना वापरायचा. १९८४ मध्ये अभ्यासकांनी याच गिट्टीखदानच्या थरातून माशांचे, बेडूक-सरड्यांच्या कुळातल्या प्राण्यांचे बारीक बारीक अवशेष काढले आणि फ्रान्समध्ये त्याचा लेख छापला. म्हणजे पॅरिसच्या विद्वानांना गिट्टीखदान माहीत आहे. आमच्या गल्लीत विचाराल तर पोलीस लाईनच्या पुढचा स्टॉप, एवढंच कळेल. हिस्लॉपनं पाहिलेली टाकळी आता प्लॉट, लेआउट आणि सोसायट्यांखाली गेली. माणसांना घरं लागतात, त्याला इलाज नाही, आणि गोगलगाईच्या नावावर सातबारा नसतो. पण किती शिंपले रस्त्याच्या खडीत गेले आणि किती बाथरूमच्या पायात, याचं खातं कुणी ठेवलेलं नाही. आमच्या बँकेत वीस वर्षं कुणी हात न लावलेल्या खात्यालासुद्धा आम्ही एकदा पत्र पाठवतो. इथं साडेसहा कोटी वर्षांची शिल्लक आणि साधी चौकशी नाही. चढावर एका जागी मी वाकून दगड चाचपू लागलो, तर दुधाचे कॅन सायकलला लावलेला एक गृहस्थ थांबला.

"काय हरवलं भाऊ? पैसे पाहून राहिले काय?"

"नाही हो, शिंपले."

तो माझ्याकडे आणि नंतर साडूभाऊंच्या कानटोपीकडे बघत राहिला. "शिंपले पाह्याचे तं मुंबईले जा ना भाऊ," असं म्हणून त्यानं पायडल मारलं. साडूभाऊंना हा माणूस फार आवडला.

उतारावर मी त्यांना हिस्लॉपचा शेवट सांगितला. हसण्यासारखा नाही. नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटजवळ प्राचीन काळची दगडांची वर्तुळं आहेत, दफनाच्या खुणा. रिचर्ड टेंपल साहेबासोबत ती पाहायला तो गेला होता. दिवस ४ सप्टेंबर १८६३. परतीला रात्र झाली, ओढ्याला पूर आला होता, हा घोड्यावर एकटा होता, आणि त्या पाण्यात गेला. शेहेचाळीस पुरे व्हायला चार दिवस कमी होते. गोंडांवरची त्याची टिपणं टेंपलनं १८६६ मध्ये छापून आणली आणि १८८३ मध्ये त्याच्या नावानं कॉलेज निघालं. ज्या माणसानं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं पाणी कोरड्या दगडात ओळखलं, त्याला समोरच्या ओढ्याचा अंदाज आला नाही. पण त्याला तरी काय बोलायचं? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली आणि माणसं गेली. ज्या नाग नदीला आम्ही नाला म्हणत होतो, ती नदी आहे हे त्या पहाटे तिनं स्वतः येऊन सांगितलं.

साडूभाऊ थोडा वेळ काही बोलले नाहीत. कोकणातला माणूस पाण्यात गेलेल्या माणसाबद्दल चेष्टा करत नाही.

मग झाडी संपली आणि खाली फुटाळा दिसला. सकाळचं ऊन, पाण्यावर दोन-चार पाणकावळे, काठाला लांब प्रेक्षकसज्जा आणि मध्ये संगीताच्या कारंज्याचा सरंजाम. या कारंज्यावरून मोठा वाद झाला. तलाव ही कायद्याच्या भाषेत पाणथळ जागा आहे की नाही, हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२५ मध्ये निकाल लागला, की फुटाळा हा माणसानं बांधलेला जलाशय, पाणथळीच्या नियमांत बसत नाही. पाणकावळ्यांना अजून प्रत मिळालेली दिसत नाही. ते तसेच बुड्या मारतात.

काठाला दोन पोरं पाण्यावर दगड मारून भाकऱ्या काढत होती. साडूभाऊ उभे राहून बघायला लागले. मग त्यांनी मफलर काढला.

"आमच्याकडे हे होत नाही," ते म्हणाले. कबुली होती, पण त्यांनी ती पाण्याकडे बघत दिली. "लाटा असतात ना. भाकरीला पाणी कसं, निजलेलं पाहिजे."

त्यांनी खाली वाकून एक चपटा काळा दगड उचलला, बोटात धरून तोलला आणि हात मागं नेला. मी तो हात धरला.

"थांबा, आधी बघू द्या."

मी दगड उलटा-सुलटा केला, पुसला, उन्हात धरला. डावीकडे तोंड असलेलं त्यात काही नव्हतं. परत दिला. मग दुसरा, मग तिसरा. दर दगडाला माझी तपासणी होईपर्यंत साडूभाऊ हात पुढं करून उभे आणि ती दोन पोरं आपला खेळ सोडून आमच्याकडे बघत राहिलेली. चौथ्या दगडाला त्यांच्या पाच भाकऱ्या निघाल्या.